झोपेची साक्ष

गेली बत्तीस वर्षे मी इंदुरात वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. या काळात ‘झोप कशी लागते?’ हा प्रश्न मी किती रुग्णांना विचारला असेल, याची गणती नाही. रुग्ण ‘उत्तम’ म्हणाला की मी समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. या प्रश्नाचे उत्तर देण्यास झोपणारा मनुष्यच सर्वांत अपात्र असतो, ही साधी गोष्ट ध्यानात येण्यासाठी मला स्वतःला एक रात्र तारांच्या जंजाळात पडून काढावी लागली.

आमच्या सौभाग्यवतींची तक्रार जुनी होती. घरात मला ‘घोरासुर’ ही पदवी मुलांनी केव्हाच बहाल केली होती आणि मीही ती हसून स्वीकारली होती. पण सौ. हसत नसे. ती म्हणे, ‘‘तुम्ही घोरता त्याचं काही नाही हो, मधेच थांबता, त्याची भीती वाटते.’’ हे वाक्य एखाद्या रुग्णाच्या पत्नीने माझ्या दवाखान्यात उच्चारले असते, तर मी कान टवकारले असते काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर, बहुधा नाही. माझा रक्तदाब तीन गोळ्या घेऊनही उतरत नव्हता, त्याचा दोष मी धावपळीला देत होतो. रात्री दोनदा लघवीला उठावे लागे, त्याचा दोष प्रोस्टेटला. सकाळी तोंडाला कोरड पडे, तिचा दोष पंख्याला. प्रत्येक लक्षणासाठी वेगळा आरोपी हजर होता.

मग भोपाळहून परतताना ती घटना घडली. दुपारचे तीन वाजले होते, रस्ता मोकळा होता, गाडी मी चालवीत होतो. आष्टा मागे पडून सोनकच्छ यायचे होते. मला आठवते ते एवढेच की डावी चाके खडीवर गेल्याचा कर्कश आवाज आला आणि सौ.चा हात स्टिअरिंगवर होता. काही अंतरावर पुलाचा कठडा होता. आम्ही बराच वेळ गाडी थांबवून बसलो. ती काही बोलली नाही. घरी पोहोचल्यावर मात्र तिने एवढेच सांगितले, ‘‘तपासणी होईपर्यंत मी तुमच्या गाडीत बसणार नाही.’’

तपासणीपूर्वी एपवर्थची आठ प्रश्नांची तालिका भरावयाची असते. वाचताना, दूरदर्शन पाहताना, प्रवासात, दुपारी पहुडल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे ते प्रश्न. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेले की दिवसाची झोप अवाजवी समजावी. मी स्वतःला सात गुण दिले. सौ.ने कागद हाती घेतला, खोडाखोड केली आणि बेरीज पंधरावर नेली.

ठरलेल्या दिवशी दुपारनंतर चहा-कॉफी वर्ज्य, दुपारची झोप वर्ज्य, केस धुतलेले आणि तेलाविना, दाढी गुळगुळीत, अशा थाटात रात्री साडेआठला मी घरची उशी बगलेत मारून रुग्णालयात दाखल झालो. खोली एखाद्या बऱ्या लॉजसारखी होती. फरक इतकाच, की छतावरून एक कॅमेरा अंधारातही पाहत होता. तंत्रज्ञ हा पंचविशीतला विनयशील तरुण. त्याने फितीने माझे डोके मापले, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवरील त्वचा खरखरीत मलमाने घासली आणि पांढऱ्या चिकट लेपात बुडवलेले इलेक्ट्रोड तेथे बसविले. डोक्यावर, कानांमागे, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीवर, छातीवर आणि दोन्ही नडग्यांवर. छातीला एक पट्टा, पोटाला दुसरा. गळ्यापाशी घोरण्याचा आवाज टिपणारे छोटे यंत्र, नाकाखाली श्वासाचा प्रवाह मोजणारी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. या साऱ्या तारा उशाशी असलेल्या एका डबीत जातात. लघुशंकेस जायचे तर तंत्रज्ञास हाक मारावी, मग तो मुख्य तार काढून ती डबी आपल्या गळ्यात अडकवितो. पाठीवर तारांची वेणी आणि गळ्यात डबी, अशा अवतारात मी आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा अतिदक्षता विभागात ‘आता शांत झोपा’ असे मी ज्यांना ज्यांना सांगितले, त्या सर्वांची मनोमन क्षमा मागितली.

दिवा मालवण्यापूर्वी यंत्राची परीक्षा होते. शेजारच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर आज्ञा येऊ लागल्या: ‘‘सर, सिर हिलाए बिना ऊपर देखिए, नीचे देखिए. पाँच बार पलकें झपकाइए. दाँत भींचिए. पंजा हिलाइए. अब ज़रा खर्राटा लेकर दिखाइए.’’ जन्मभर जे नाकारले, ते मागणीबरहुकूम करून दाखवावे लागले.

पावणेअकराला अंधार झाला. कपाळाला खाज सुटली आणि नेमक्या त्याच जागी इलेक्ट्रोड होता. आपल्याला पाहिले जात आहे ही जाणीव झोपेची मोठी वैरीण आहे. मी छताकडे पाहत पडलो होतो; पडलो होतो असे मला वाटत होते. दार उघडून तंत्रज्ञ आत आला, तेव्हा मी जरा नाराजीनेच म्हणालो, ‘‘अरे, मला तर झोपच लागलेली नाही.’’ तो म्हणाला, ‘‘सर, सवा दो बज रहे हैं. आप ढाई घंटे सो चुके हैं.’’ माझ्याविषयी माझ्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक होते.

विकार पहिल्या दोन-अडीच तासांतच तीव्र असल्याचे दिसले, तर उरलेल्या रात्री उपचाराचा दाब ठरवून घेण्याची पद्धत आहे. म्हणून त्याने माझ्या नाकावर मुखवटा चढविला. कॉलिन सलिवन यांनी १९८१ मध्ये सिडनीत पाच रुग्णांवर वापरून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेली कल्पना हीच: नाकावाटे सौम्य दाबाची हवा अखंड सोडावी म्हणजे घशाच्या शिथिल भिंती मिटत नाहीत. त्यापूर्वी तीव्र रुग्णांना श्वासनलिकेला छिद्र पाडण्यावाचून फारसा इलाज नव्हता. मुखवटा प्रथम नकोसा वाटला. आगगाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढले की वारा जसा श्वास हिरावून घेतो, तसे काहीसे. तोंड उघडावे तर हवा तिकडून निसटते. दाब चार सेंटिमीटर पाण्यापासून सुरू झाला, पुढे शेजारच्या खोलीतून हळूहळू वाढविला गेला. त्यानंतरचे मला आठवते ते फक्त एक लांबलचक स्वप्न. आईच्या माहेरचा वाडा, विहीर, कोणी तरी हाका मारीत आहे. किती वर्षांनी स्वप्न पडले! वारंवार मोडलेल्या झोपेत ज्या टप्प्याची उपासमार होते, तो टप्पा संधी मिळताच असा उसळून येतो.

सकाळी केस लेपाने ताठ झाले होते. सौ. डब्यात पोहे घेऊन आली. आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. तंत्रज्ञाने पाच मिनिटांचा पट एका नजरेत मावेल असा लावला. नाकातील प्रवाहाची रेषा सपाट झालेली. छाती आणि पोट मात्र एकमेकांच्या उलट दिशेने झगडत आहेत. मग काही क्षणांनी ऑक्सिजनची रेषा घसरते, कारण फुप्फुसांतले रक्त बोटाच्या टोकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. मग मेंदूच्या लहरींत एकदम खळबळ, पायाला झटका, घोरण्याचा स्फोट आणि पुन्हा शांतता. पाच मिनिटांत चार वेळा. तासाला सरासरी ४६; तीसच्या वर तीव्र गणतात. सर्वांत दीर्घ श्वासरोध ५८ सेकंदांचा, ऑक्सिजनचा नीचांक ७१ टक्के. मुखवट्याचा दाब अकरावर गेल्यानंतर पट जवळजवळ स्वच्छ होता.

मी आकडे वाचत होतो, सौ. आकड्यांकडे पाहत नव्हती. तिने सपाट रेषेच्या शेवटी बोट ठेवले आणि म्हणाली, ‘‘इथे मी तुमच्या खांद्याला हात लावते.’’ नंतर म्हणाली, ‘‘कुशीवर वळवलं की जरा बरं असतं.’’ तंत्रज्ञाने शरीरस्थितीची नोंद उघडली. उताणे असताना श्वासरोध कितीतरी अधिक होते, कुशीवर कमी. तिची ही नोंद अकरा-बारा वर्षांची होती. ती मी कधी मागितली नव्हती.

दवाखान्यात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात माझा एक जुना रुग्ण आला. ट्रकचालक, वय ४४, आखूड जाड मान, रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू; चौथी लिहिण्यासाठी मी लेखणी उचलली होती. झोपेविषयी विचारले. ‘‘बढ़िया, साहब, लेटते ही लग जाती है.’’ त्याची बायको गावी असते. मी बाहेरच्या बाकावरील त्याच्या क्लीनरला आत बोलाविले. सतरा-अठरा वर्षांचा तो मुलगा आधी मालकाला घाबरला, मग म्हणाला, ‘‘रात को उस्ताद का गला घुटता है. मैं पैर हिला देता हूँ, तब साँस आती है.’’

रुग्णालयात रात्र काढणे आणि तिचा खर्च, दोन्ही त्याला परवडणारे नाही. घरी नेता येईल असे लहान यंत्र त्याच्यासाठी ठरविले आहे. त्यात मेंदूचा आलेख नसतो, त्यामुळे झोपेचे खरे तास कळत नाहीत आणि श्वासरोधांची संख्या प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. पण अशा उघड रुग्णाला ते पुरावे. तपासणी मंगळवारी आहे. तोवर त्याने ट्रक चालवू नये, हे मी ट्रकमालकाला फोनवरून सांगितले. माल इंदूरहून रविवारी निघायचा आहे आणि दुसरा चालक नाही, असे मालक म्हणाले. उद्या सकाळी त्यांना प्रत्यक्ष भेटावयास जातो आहे, सौ. बरोबर येते म्हणाली, गाडी तीच चालविणार आहे.