संगणकाचा ‘बूट’ कप्पा भरला तर काय करावे?

विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यासाठी उबंटूसारखी लिनक्स प्रणाली हा बिनखर्चाचा मार्ग आहे. परंतु फुकट मिळालेल्या वस्तूचीही देखरेख करावी लागते. लिनक्सवर बिले आणि उधारीचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांनी एक नेहमीची अडचण समजून घेणे जरुरीचे आहे.

अडचण अशी. संगणक अद्ययावत होत असताना मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, म्हणजे जागा शिल्लक नाही, असा संदेश येतो. मालक पाहतो तर डिस्कवर भरपूर जागा मोकळी! मग कोणी सल्ला देतो की नवी डिस्क घ्या, कोणी म्हणतो सर्व पुसून प्रणाली नव्याने बसवा. दुसरा सल्ला मानला आणि हिशेबाची प्रत बाहेर ठेवलेली नसली, तर वर्षभराची उधारी पुसली जाईल. वास्तविक यांपैकी कशाचीही गरज नसते.

लिनक्सच्या मुख्य भागाला कर्नल म्हणतात. संगणक सुरू होताना प्रथम तोच स्मृतीत चढतो. काही यंत्रांत, विशेषतः डिस्कला सांकेतिक कुलूप लावलेले असल्यास, कर्नलसाठी ‘बूट’ नावाचा लहानसा वेगळा कप्पा असतो. कारण कुलूप उघडण्यापूर्वीच कर्नल वाचावा लागतो. जुन्या यंत्रांत हा कप्पा अनेकदा ५०० एमबीच्या आसपास किंवा त्याहून लहान असतो. गोदाम रिकामे असले तरी दाराजवळची खोली भरली की माल आत जात नाही, तसा हा प्रकार आहे.

सुरक्षेतील दोष दूर करण्यासाठी नवा कर्नल वरचेवर येतो. नवा आला म्हणून जुना लगेच जात नाही. नवा चालला नाही तर परत फिरता यावे म्हणून जुना राखून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक कर्नलसोबत ‘इनिटआरडी’ नावाची मोठी फाइल असते. ती बहुधा कर्नलपेक्षा कितीतरी मोठी, काही यंत्रांत १०० एमबीच्याही वर जाते. असे तीन-चार संच साठले की कप्पा भरतो. फेडोरा ही प्रणाली स्वतःहून तीनच कर्नल ठेवते. उबंटूच्या नव्या आवृत्त्याही जुने कर्नल बहुधा काढून टाकतात, पण कप्पाच लहान असेल तर तेवढ्यानेही भागत नाही.

संदेश आला की पहिली गोष्ट, संगणक बंद करून पुन्हा सुरू करू नये. नव्या कर्नलची फाइल अर्धवट राहिली असेल तर यंत्र सुरूच न होण्याची भीती असते. त्यानंतर पुढील क्रमाने जावे. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

१) ‘डीएफ -एच’ या आज्ञेने ‘बूट’ कप्पा किती भरला ते पाहावे.

२) ‘युनेम -आर’ (यू, एन, ए, एम, ई) या आज्ञेने सध्या चालू असलेल्या कर्नलचा क्रमांक कळतो. तो कागदावर लिहून घ्यावा. त्याला हात लावू नये.

३) ‘सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ही आज्ञा द्यावी. काय काय निघणार याची यादी पडद्यावर येते. ती वाचूनच होकार द्यावा.

४) आधीचे काम अर्धवट असल्याने ही आज्ञा अडली, तर सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावी. जागा झाली की ‘सुडो अ‍ॅप्ट -एफ इन्स्टॉल’ देऊन अर्धवट काम पुरे करावे आणि तिसरी पायरी पुन्हा करावी.

‘बूट’मधील फाइली सरसकट हाताने पुसण्याचा मोह टाळावा. प्रणालीच्या नोंदीत तो कर्नल तसाच राहतो आणि त्याची फाइल पुढे पुन्हा तयार होऊ शकते. शिवाय चुकून चालू कर्नल गेला, तर दुकान उघडेल पण संगणक उघडणार नाही.

हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घेणार असाल, तरी चालू कर्नल आणि त्याखेरीज आणखी एक राखायला त्याला आवर्जून सांगावे. यंत्रावर लिनक्स नव्याने बसवायचे असेल, तर ‘बूट’ कप्पा निदान १ जीबीचा, जमल्यास २ जीबीचा करावा.

अडलेले अद्ययावतीकरण तसेच सोडून देणे हा मोठा धोका आहे. यंत्र चालत राहते, बिले निघत राहतात, पण सुरक्षेची दुरुस्ती मात्र थांबलेली असते. यासाठी महिन्यातून एकदा ‘बूट’ कप्पा तपासावा, आणि त्याच दिवशी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानाबाहेर ठेवावी, अशी आमची सर्व व्यापारी आणि कारागीर बांधवांना विनंती आहे.