वाकणाऱ्या पेशीचं गणित

माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे 8 मायक्रोमीटर रुंद. काही केशवाहिन्या मात्र जेमतेम 5 मायक्रोमीटरच्या, आणि प्लीहेतल्या फटी त्याहूनही अरुंद. तरी ती न फाटता पार होते. पेशीचं आकारमान साधारण 90 घन मायक्रोमीटर. तेवढ्या गोल थेंबाला 97 चौरस मायक्रोमीटर आवरण पुरलं असतं. पेशीकडे जवळजवळ 140 आहे. अर्धवट भरलेल्या पिशवीसारखी ती दुमडू शकते, ती या शिल्लक आवरणामुळेच.

हे दुमडणं समीकरणात आणण्यासाठी वोल्फगांग हेलफ्रिश यांनी 1973 मध्ये पटल, म्हणजे हे आवरण, वाकवायची ऊर्जा वक्रतेच्या वर्गाशी जोडली. इतक्या सूक्ष्म मापावर प्रवाहात जडत्व नगण्य, सत्ता चिकटपणाची. म्हणून स्टोक्सची सोपी समीकरणं चालतात. अवघड भाग वेगळाच. द्रव पटलाला वाकवतो, वाकलेलं पटल द्रवाला ढकलतं, आणि दोघांमधली सीमा नेमकी कुठे आहे हे क्षणाक्षणाला नव्याने शोधावं लागतं.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो केलर आणि स्कालक यांचा 1982 चा निष्कर्ष. बाहेरच्या द्रवाच्या तुलनेत आतला द्रव पुरेसा पातळ असेल, तर पेशी प्रवाहात कलती स्थिरावते आणि आवरण तिच्याभोवती फिरत राहतं. आतला द्रव फार दाट झाला, की अख्खी पेशीच कोलांट्या घेते.

पेशीचा आतला भाग कडकच झाला तर काय होतं, ते विदर्भात, नंदुरबारात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात दिसतं: ऑक्सिजन घटल्यावर पेशीतल्या हिमोग्लोबिनचे कडक धागे बनतात. मग आवरण शिल्लक असूनही पेशी वाकत नाही आणि बारीक वाहिन्या तुंबतात.