मुक्काम नवेगावबांधला, फेरी रोज एकाच दिशेला

सुट्टीत डोंगर-जंगल बघायचे म्हटले की आपल्या घरांतून महाबळेश्वर-माथेरानचीच नावे निघतात. आम्ही गोंदियाकडचे. आमच्याकडे पाहुणे आले की मुक्काम नवेगावबांधला ठरवतो. गोंदियाहून हे सुमारे ६५ किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची नमाज कसर, आमची पूर्ण!

पहिल्या दिवशी गाडी काढूच नये. टेकड्यांनी वेढलेला तलावच दिवसभर पुरतो. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असे इथे सांगतात. हिवाळ्यात पाण्यावर परदेशी पक्षी उतरतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, त्यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ निघण्याआधी मुलांना वाचून दाखवावे. उर्दू शाळेतल्या मुलांना तर आवर्जून.

दुसरा दिवस दक्षिणेचा. प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे, तसाच ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळावेत. चढण आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या दादी-नानींना ‘चला हो, जमेल’ असा आग्रह करू नये. एकाने खाली त्यांच्याजवळ थांबावे. पुढे गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि गोठणगावजवळची तिबेटी वसाहत. एवढे दिवसाला भरपूर झाले.

नागझिऱ्यासाठी तिसरा दिवस पूर्ण ठेवावा. २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प झाला. सफारीचे आरक्षण आधी करावे आणि आठवड्याच्या सुट्टीचा वार विचारून घ्यावा. वाघ दिसेलच असे मुलांना कबूल करू नये. डिसेंबरात इकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी. दुपारच्या फेरीला जुहर आटोपूनच निघावे, वजूचे पाणी सोबत असावे, आणि असरचे काय करायचे हे गाडीवाल्याशी आधीच बोलून घ्यावे.

आता जेवण. आमच्या मते सहल इथेच बिघडते. हलाल गोश्त मिळणार नाही म्हणून स्टोव्ह, मसाले, पातेली घेऊन निघायचे, आणि घरातल्या बायकांनी तलाव पाहायचा तो कांदा चिरता चिरता! पुरुषांना सुट्टी, त्यांना फक्त चूल बदलून मिळते. मासळीला जबीहाचा प्रश्न येत नाही. जिथे उतराल तिथे मासळी आणि डाळ-भात आदल्या दिवशीच सांगून ठेवावा, तेल-भांड्यांची खात्री करून घ्यावी. दोन दिवस टिकतील असे रोट, खजूर आणि शेव सोबत असली की दस्तरखान भरतो. भांडी मुलांनी घासावीत, मुलग्यांनीसुद्धा.

सालेकसा तालुक्यातला हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा याच दौऱ्यात कोंबू नयेत. त्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. धबधबा दरेकसा स्टेशनजवळ आहे. पावसाळा सरता सरता गोंदियाहून वेगळा दिवस काढून तिकडे जावे.