चाकांना न जोडलेलं इंजिन

लातूर-कुर्डुवाडी मार्गावर मुरुड स्थानकातून गेलेल्या ब्रॉडगेजच्या डिझेल इंजिनांत हेच तत्त्व होतं. डिझेल वीज तयार करायचं, चाकं फिरवायच्या मोटारी. 'रेंज एक्सटेंडर' गाडीत यांच्यामध्ये मोठी बॅटरी येते. रोजचा प्रवास घरच्या चार्जिंगवर होतो. बॅटरी उतरली की लहान इंजिन सुरू होऊन वीज भरू लागतं, लग्नाच्या मांडवामागे धडधडणाऱ्या जनरेटरसारखं.

इंजिन लहान का चालतं? सपाट रस्त्यावर गाडीला शक्ती थोडीच लागते. येडशीच्या घाटात लागणारा जादा जोर बॅटरी देते, इंजिन आपल्या सोयीच्या वेगात फिरत राहतं. मात्र जड ट्रेलर ओढत तासन्‌तास चढ चढायचा, तर लहान इंजिन कमी पडतं. म्हणून अमेरिकेतल्या रॅम पिकअपसाठी ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन आणि ९२ युनिटची बॅटरी योजली गेली.

आपल्याकडच्या टाटा मोटर्सने २०१२ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'मेगापिक्सेल' ही नमुना-गाडी मांडली होती: १३ युनिटची बॅटरी, चारही चाकांत मोटारी आणि ३२५ सीसीचं एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. नुसत्या बॅटरीवर ८७ किलोमीटर, टाकी धरून ९०० पर्यंत, असा कंपनीचा दावा होता. ती बाजारात यायला हवी होती, असं मनापासून वाटतं.

खर्चाचा अंदाज घ्या: लिटरभर पेट्रोल जाळून जेमतेम अडीच-तीन युनिट वीज मिळते. घरी प्लग लावणंच स्वस्त.