बंदीचे 61 दिवस आणि आपलं बीपी



1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. या 61 दिवसांत बोटी वर काढतो, इंजिन खोलतो, जाळी शिवतो, रंग काढतो. बोटीच्या कामात कोणी आळस करत नाही, कारण भर समुद्रात मशीन बंद पडलं तर काय हाल होतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण बोट चालवणाऱ्या माणसाची तपासणी मात्र राहून जाते. म्हणून आज बीपी आणि वजन या दोन गोष्टींवर लिहितो. आपल्या धंद्यात या दोन्ही गोष्टी वाढण्याची कारणं थोडी वेगळी आहेत. आणि त्या खाली आणायला बंदीएवढा सोयीचा वेळ वर्षात दुसरा मिळत नाही.

बीपी म्हणजे नेमकं काय?

डेक धुवायचा पंप आणि पाईप डोळ्यांसमोर आणा. पंप जोरात चालला, पाणी वाढलं किंवा पाईप आतून अरुंद झाला की पाईपवर दाब येतो. आपलं हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे पाईप. मशीनवर दिसणारा वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा आकडा हृदय सैल पडतं तेव्हाचा. साधारण 120/80 च्या आसपास चांगलं. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते हाय बीपी. वरचा आकडा वाढला किंवा नुसता खालचा वाढला, तरी डॉक्टरकडे जायचंच.

सगळ्यात फसवी गोष्ट ही की ते दुखत नाही. "माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मला कसलं बीपी?" असं जेटीवर दहा वेळा ऐकलंय. तळाला लागलेली बारीक गळती वरून दिसते का? तसंच हे. वर्षानुवर्षं दाब राहिला की मेंदू, हृदय, किडनी आणि डोळे हळूहळू खराब होतात, आणि माणसाला कळतं ते एकदम लकवा मारला किंवा छातीत कळ आली की.

मोजायचं कसं?

घाईत मोजलेला आकडा खोटा निघतो. मोजण्याच्या आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नकोत. शर्टाची बाही वर करा, पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभर थांबून परत एकदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टरला ती वही दाखवली की त्यांचंही काम सोपं होतं. सरकारी आरोग्य केंद्रात 30 वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि साखरेची तपासणी मोफत होते.

आपलं मीठ कुठून येतं?

मे महिन्यात आपल्या घरोघरी पुरुमेंताची तयारी होते. खारवलेला बांगडा, सुकी सुंगटं, मिठातल्या कैऱ्या, लोणची. पावसात ताजी मासळी मिळत नाही म्हणून पूर्वजांनी केलेली ही सोय. त्यात वाईट काही नाही. पण हिशोब बघा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही, आणि त्यात भाजी, हुमण, पाव, लोणचं, फरसाण सगळं आलं. चांगला खारवलेला मासा 100 ग्रॅम घेतला तर त्यात 10 ग्रॅमहून जास्त मीठ असू शकतं. सकाळच्या पेजेबरोबर 25 ग्रॅमचा एक तुकडा खाल्ला, तर दिवसाचं अर्धं मीठ तिथेच संपलं. वर कैरीची फोड. दुपारचं हुमण आणि रात्रीचं जेवण अजून बाकीच आहे.

मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांतलं पाणी वाढतं आणि दाब चढतो. पंप-पाईपचंच गणित.

"आम्ही उन्हात घाम गाळतो, आम्हाला मीठ जास्त लागतं," असंही काही जण म्हणतात. घामातून मीठ जातं हे खरं. पण रोजच्या जेवणातलं मीठ बहुतेकांना पुरून उरतं. उन्हात कमी पडतं ते पाणी. बोटीवर पाणी जास्त घेऊन जा.

मग सुकी मासळी सोडायची का? तसं कोणी सांगत नाही. एवढं करा:

1. खारा मासा शिजवण्याआधी दोन-तीन तास भरपूर पाण्यात भिजत ठेवा आणि पाणी दोन-तीनदा बदला. बरंचसं मीठ पाण्याबरोबर जातं. नुसता धुऊन भाजला तर ते आतच राहतं.
2. भिजवलेल्या माशाच्या हुमणात वेगळं मीठ घालू नका. आंबटपणासाठी सोलं आहेत, तिरफळ, मिरची, आलं आहे. आठवडाभर अळणी वाटेल. दोन-तीन आठवड्यांनी जिभेला सवय होते.
3. खारवलेल्या माशापेक्षा मीठ न लावता उन्हात वाळवलेली सुंगटं किंवा जवळा जास्त घ्या. किसमूर करा, खोबरं बेताचं, कांदा भरपूर.
4. एकाच ताटात खारा मासा, लोणचं आणि पापड तिन्ही नकोत. एक काय ते निवडा.
5. ताटात वरून मीठ घ्यायचं बंद. मिठाची बरणी टेबलावरून उचला.
6. घरातल्या सगळ्यांचं जेवण एकच ठेवा. बीपीवाल्याचं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं केलं की स्वयंपाक करणाऱ्या बाईचं काम दुप्पट होतं आणि पंधरा दिवसांत सगळं मोडतं.

सैंधव किंवा काळं मीठ घेतलं की बीपी वाढत नाही, हा गैरसमज आहे. तेही मीठच. बाजारात लो सोडियम मीठ मिळतं, त्यात थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमध्ये 600 गावांतल्या जवळपास 21,000 लोकांवर याचा अभ्यास झाला, तो 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांना आधी लकवा येऊन गेलेला किंवा बीपी होतं. साध्या मिठाऐवजी असं मीठ वापरणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी निघालं. पण ज्यांना किडनीचा त्रास आहे किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढून धोका होऊ शकतो. म्हणून हे मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्या.

बंदीत वजन का वाढतं?

सीझनमध्ये जाळं ओढणं, मासळी निवडणं, क्रेट उचलणं, बर्फ फोडणं. अंगमेहनत भरपूर, म्हणून भातही भरपूर लागतो. बंदीत मेहनत थांबते, पण ताटातला भात तेवढाच राहतो. वर दुपारची झोप, पत्ते आणि संध्याकाळची बैठक. ऑगस्टमध्ये बोटीवर चढताना पँटचं बटण लागत नाही ते यामुळे. बाजारात दिवसभर एका जागी बसून मासे विकणाऱ्या आपल्या भगिनींचंही तसंच. काम कष्टाचं, पण अंगाची हालचाल कमी.

टेप घेऊन बेंबीच्या उंचीवर पोट मोजा, श्वास आत न ओढता. पुरुषांचं 90 सेंटिमीटर आणि बायकांचं 80 सेंटिमीटर याच्या वर असेल, तर चरबी पोटात साठतेय असं समजा. बीपी आणि साखर या दोघांनाही ती चरबी आवडते.

वजन एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एक पॉइंट उतरतं. आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे बंदी संपेपर्यंत 4 किलो, हे जमण्यासारखं आहे. उपाशी राहायचं नाही. उपास केला की चार दिवसांनी दुप्पट खाणं होतं. त्यापेक्षा:

- भात दोन वाढपी घेत असाल तर एकच घ्या, आणि रिकामी जागा भाजीने भरा. पावसात तायकिळा, अळू, तांबडी भाजी स्वस्त आणि भरपूर असते. चवळी, मूग, वाल हेही चालतात.
- मासा तळण्यापेक्षा हुमण, किंवा तव्यावर थेंबभर तेलात भाजलेला.
- चहातली साखर निम्मी करा, बाटलीतली गोड थंड पेयं बंद करा.
- दारूचा हिशोब करा. फेणीचे 60 मिलीचे 3 पेग म्हणजे 400 च्या आसपास कॅलरी, म्हणजे दोन वाट्या भात. त्यात चकण्याचं मीठ आणि तेल मिळवा. दारू स्वतःही बीपी वाढवते, ते वेगळंच. बीपीला सगळ्यात चांगली शून्य दारू. ज्यांना रोज भरपूर प्यायची सवय आहे त्यांनी एकदम न तोडता डॉक्टरांना विचारून सोडावी, कारण एकदम थांबवल्यावर थरथर किंवा झटके येऊ शकतात.
- विडी, सिगारेट, गुटखा, तंबाखूची मळी यांतल्या निकोटिनने बीपी तेवढ्यापुरतं चढतं आणि रक्तवाहिन्या कायमच्या खराब होतात.

चालण्याचं म्हणाल तर आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे 5 दिवस रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या जोरात. पाऊस असेल तर जाळ्यांच्या शेडमध्ये फेऱ्या मारा. तरण्या पोरांना पावसातला फुटबॉल आहेच. जाळी शिवणं हे कष्टाचं काम खरं, पण बसून केलेलं असल्यामुळे ते या हिशोबात धरू नका. आणि ज्यांचं बीपी 180 च्या वर जातं किंवा चालताना छातीत दुखतं, त्यांनी आधी डॉक्टर, मग चालणं.

गोळ्यांचं काय?

मीठ, वजन, चालणं आणि दारू या चारही गोष्टी सांभाळल्या तर काही जणांच्या बाबतीत एका गोळीएवढा फरक पडतो. पण म्हणून चालू गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं. वजन उतरल्यावर उभं राहताना अंधारी येऊ लागली किंवा आकडा फार खाली जाऊ लागला, तर डॉक्टर गोळी कमी करतील.

दुसरी गोष्ट कंबरदुखीच्या गोळ्यांची. आपल्याकडे जाळं ओढून पाठ धरली की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या आणि रोज घ्यायच्या, अशी सवय आहे. त्यातल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीवर ताण आणतात. बीपी आहे हे सांगूनच औषध मागा.

आणि बोटमालकांनो, तांडेलांनो, हे तुमच्यासाठी. ऑगस्टमध्ये ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून खलाशी परत येतील. पहिल्या फेरीआधी प्रत्येकाचं बीपी मोजून घ्या. जो गोळ्या घेतो त्याने फेरीच्या दिवसांपेक्षा 5 दिवसांच्या जादा गोळ्या झाकणाच्या डब्यात घेतल्यात का, ते विचारा. आणि बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला मिठाचा हात आवरायला सांगा. त्याच्या एका मुठीवर सगळ्यांचं बीपी अवलंबून असतं.

समुद्रात असताना हे झालं तर

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एका हातातली किंवा पायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर तो लकवा समजा. "झोपू दे, बरं वाटेल" असं म्हणू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि समुद्रात किनारा गाठण्यातच तास जातात. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, गोळी, काहीही घालू नका, घशात अडकतं. कुशीवर झोपवा. वायरलेसच्या चॅनल 16 वर कळवा, तटरक्षक दलाचा नंबर 1554, आणि जेटीवर 108 ची गाडी आधीच बोलावून ठेवा. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला तरी असंच, एक मिनिट वाया घालवू नका. आकडा 180/120 च्या वर आणि बरोबर असा कुठलाही त्रास असेल, तर जाळं तसंच सोडून परत फिरायचं. मासळी उद्याही मिळेल.

या बंदीत काय करायचं?

सोसायटीच्या ऑफिसात बीपीचं मशीन, वजनकाटा आणि टेप ठेवलेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन तिन्ही आकडे वहीत लिहून घ्या, मग दर आठवड्याला एकदा या. जुलैच्या शेवटी परत बघू. कोणाचा आकडा किती, हे दुसऱ्या कोणाला सांगितलं जाणार नाही. घरच्या मंडळींनाही घेऊन या. मासळी विकणाऱ्या भगिनींनी बाजार आटोपल्यावर आलात तरी चालेल, ऑफिस संध्याकाळी 6 वाजेपर्यंत उघडं असतं.

ज्यांच्या घरात आई-वडिलांना बीपी आहे, ज्यांना रात्री मोठ्याने घोरायची सवय आहे, ज्यांनी दोन वर्षांत एकदाही बीपी मोजलेलं नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी यावं ही विनंती.

ही पोस्ट आपापल्या बोटीच्या ग्रुपवर टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आपला,
सचिव