शाळेची कोनशिला आणि शाळेचा पाया

वऱ्हाडात नवी शाळा बांधावयाचे ठरले म्हणजे पहिला वाद होतो तो कोनशिलेवर नावे कोणाची व कोणत्या क्रमाने कोरावयाची याचा. त्या शिळेखाली जमीन कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न मागाहून निघतो, आणि पुष्कळदा निघतच नाही. अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत शाळेच्या इमारतीचे आयुष्य भिंतीच्या रंगावर नव्हे, तर या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या वाडवडिलांपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. पण पिकावयाची ती काळी आणि राहावयाची ती पांढरी, हा भेद त्यांस पक्का ठाऊक होता. गढी, देऊळ, धाब्याची घरे, सारे पांढरीवर. आता पांढरीवर जागा उरली नाही. शाळेच्या वाट्यास येते ती गावाबाहेरची ई-क्लासची अगर कोणा उदार गृहस्थाने दिलेली जमीन, व ती बहुधा काळी असते. यात दात्याचा दोष मुळीच नाही. दोष आहे तो पांढरीवरच्या समजुतीने काळीवर बांधणाऱ्याचा.

ही काळी माती अग्निजन्य खडक झिजून झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाण्याने फुगतात व उन्हाने आकसतात. वैशाखात जिच्या भेगेत हातभर काठी सहज उतरते, तीच जमीन श्रावणात वर उचलली जाते. इमारतीच्या मध्याखालची माती ओल धरून राहते. कडेची मात्र दरसाल भिजते आणि दरसाल वाळते. म्हणून मधला भाग जागच्या जागी आणि कोपरे वरखाली, असा हा झोका चालतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकते, मग भेगेत सिमेंट भरून वर रंग फासला जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग तेथेच पुन्हा हजर. भिंतीलगत हौसेने लावलेले झाड कडेची ओल शोषून त्यात भरच घालते.

यावर उपाय नाही असे नाही. अमरावतीजवळ पोहऱ्याच्या टेकड्यांकडे मुरूम थोड्या खोलीवर लागतो; तेथे काळी सर्व काढून पाया मुरमावर टेकवावा. दर्यापूरकडे पूर्णेच्या गाळात पुरुषभर खणूनही मुरूम दिसत नाही. अशा ठिकाणी जमिनीत गोल भोक पाडावयाचे, तळाशी त्याच्या सुमारे अडीचपट व्यासाचा फुगा कोरावयाचा, व त्यात सळया घालून काँक्रीट भरावयाचे. यांस अभियंते अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ही रीत आपल्या देशात रूढ केली. खोल काळ्या जमिनीत हे खांब किमान साडेतीन मीटर उतरवावे असे भारतीय मानक सांगते, कारण त्याखाली ऋतूंचा अंमल जवळजवळ चालत नाही. खांबांवरील तुळई जमिनीवर न टेकवता तिच्याखाली पोकळी सोडावी, म्हणजे फुगणारी माती तिला उचलीत नाही. भोवती उताराची फरसबंदी, पागोळ्यांचे पाणी दूर नेणारी गटार, बस्स. मात्र दोन गावांस एकच नकाशा लावून हे साधणार नाही. प्रत्येक जागी आधी खड्डा खणून माती तपासली पाहिजे.

खर्च वाढेल, अशी ओरड होईल. वाढेल खरा, पण तो एकदाच. डागडुजीचा खर्च दरसालचा, आणि त्याने भेग बुजते, झोका थांबत नाही.

दुसरे संकट पाण्याचे. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, भातकुली या तालुक्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. सळयांच्या काँक्रीटसाठी लिटरामागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड असलेले पाणी वापरू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. कारण या क्षाराने आतली सळई गंजते, गंजून फुगते, व स्लॅबचा पोपडा मुलांच्या डोक्यावर येतो. तरीही शेजारच्या विंधनविहिरीचे पाणी न तपासता काँक्रीट कालवले गेले तर तो गंज पहिल्या दिवशीच पेरला जातो. त्यात आमच्या सरकारी वर्षाचा महिमा असा की मार्चअखेर पैसे सुटतात आणि काम उभे राहते एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांवर असताना! उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावयाचे असते. जेथे माणसांस टँकरची वाट पाहावी लागते तेथे स्लॅबला दहा दिवस पाणी कोण घालणार?

आम्ही वकिली पेशातले, म्हणून कायद्याचेही बोलतो. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेस आग लागून ९४ मुले प्राणास मुकली. त्यावरून उद्भवलेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी ठरविले की, शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा सर्व ऋतूंत उपयोगी पडणारी इमारत मागतो. आणि वऱ्हाडच्या ऋतूंत जमीन दुभंगणारा उन्हाळाही येतो. इतके असूनही २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले मेली. अपघातानंतर चौकशी होते. पण जमिनीखाली गाडलेल्या कामास साक्षीदार कोठून आणावयाचा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. माती व पाणी तपासल्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्याखेरीज जिल्हा परिषदेने एकाही शाळाखोलीचे काम सुरू करू नये. तपासणीस दूर जावयास नको. अमरावतीस १९६४ पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्यासही अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. पाया उघडा असतानाच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांस बोलवावे, त्यांच्यादेखत खोली मोजून मोजमाप वहीत नोंदवावी, त्यावर त्यांच्या सह्या घ्याव्या, आणि मगच खड्डा बुजवू द्यावा.