समुद्राचे रक्षण कासाडीच्या काठापासून

पनवेल : खुला समुद्र पनवेलपासून दूर असला, तरी येथील सांडपाणी नदी व खाडीमार्गे अखेर समुद्रालाच मिळते. तळोजा औद्योगिक वसाहतीलगतच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाकडे ऑगस्ट २०१७ मध्ये निळ्या पडलेल्या कुत्र्यांमुळे देशाचे लक्ष वेधले गेले. मात्र माशांना खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घटक कुजताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात आणि मासे गुदमरतात. भरतीच्या रेट्यामुळे दूषित पाणी लगेच वाहूनही जात नाही. खाडीकाठच्या खारफुटीत माशांची पिल्ले वाढतात. तीच दगावल्यास कोळ्यांची जाळी रिकामी राहतात. खाडीत मिसळलेले रसायन वेगळे काढता येत नाही. म्हणूनच सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया कारखान्यातून बाहेर पडून नदीला मिळण्यापूर्वीच होणे आवश्यक आहे.